हस्तलिखित संविधानाची ती मोठी प्रतिकृती घ्यावी का? सोसायटीच्या वाचनालयासाठी घेतलेल्या प्रतीचा रिव्ह्यू

ज्यांना पुढचं सगळं वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते. छपाई छान, कागद जाडजूड, बाइंडिंग ठीकठाक, पॅकिंग मात्र अगदीच भिकार. किंमत चार आकडी. एमपीएससीच्या अभ्यासाला घेणार असाल तर अजिबात घेऊ नका, का ते खाली येईलच. निवांत बसून पानं उलटायला हवी असेल तर जरूर घ्या. आणि कुणाला रिटायरमेंटला भेट द्यायची असेल तर त्या माणसाच्या घरी हे ठेवायला जागा आहे का ते आधी बघा, कारण ही वस्तू आडवीच ठेवावी लागते, साध्या कपाटात उभी राहतच नाही.

आता घेतली कशाला ते. आमच्या सोसायटीत एक छोटं वाचनालय आहे, त्याचं मी बघते. ग्रुपवर दर २६ नोव्हेंबरला आणि २६ जानेवारीला एक ठरलेला कार्यक्रम होतो. ए विंगमधले काका रामाचं चित्र टाकतात आणि खाली लिहितात की बघा, मूळ संविधानात राम आहे, हे तुम्हाला शाळेत कुणी सांगितलं नाही. लगेच सी विंगमधले सर उत्तर देतात की संविधान धर्मनिरपेक्ष आहे, त्यात देवाबिवाचं काही नाही, फोटोशॉप बंद करा. मग दुपारपर्यंत तेच चालू, मधेच कुणीतरी पाण्याच्या टँकरचं विचारतं त्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही. शेवटी कमिटीच्या मीटिंगमध्ये मी म्हटलं की वाचनालयाच्या फंडातून एक प्रत आणूया, टेबलावर ठेवूया, ज्याला भांडायचंय त्याने पान उघडून भांडावं. चहा आला होता म्हणून ठराव पटकन पास झाला.

ऑर्डर ऑनलाइन केली. विक्रेत्याचं नाव लिहीत नाही, पॅकिंग बाकीचेही असंच करतात असं ऐकलंय. एवढं जड पुस्तक आणि खोकं पातळ, आत बबल रॅपचा एकच पदर, त्यामुळे एक कोपरा दबूनच आला. कस्टमर केअरला फोन केला तर पहिला प्रश्न, अनबॉक्सिंगचा व्हिडिओ आहे का मॅडम. बरीच ईमेल-ईमेल झाल्यावर थोडे पैसे परत दिले. तुम्ही मागवणार असाल तर खोकं उघडताना घरातल्या कुणालातरी मोबाइल घेऊन समोर उभं करा, एवढंच सांगते.

वस्तूबद्दल. ही १९५० च्या इंग्रजी हस्तलिखिताची प्रतिकृती आहे. प्रेम बिहारी नारायण रायजादा यांनी अख्खं संविधान हाताने लिहिलं, तिरप्या इटालिक वळणात, आणि चित्रं नि पानांभोवतीची नक्षी शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केली. हिंदी हस्तलिखित वेगळं आहे, ते वसंत कृष्ण वैद्य यांच्या हातचं. मूळ पानं साधारण १६ बाय २२ इंचांची, ती आता संसदेच्या ग्रंथालयात नायट्रोजन भरलेल्या पेटीत आहेत. त्यावरून डेहराडूनला सर्व्हे ऑफ इंडियाने, म्हणजे नकाशे छापणाऱ्या खात्याने, हजारभर प्रती काढल्या होत्या. आपल्याला बाजारात मिळतं ते बहुतेक वेळा त्याचंच लहान केलेलं रूप असतं. लहान केल्यामुळे मागची परिशिष्टं वाचायला भिंग लागतं, आम्ही वाचनालयात एक दोरी बांधून ठेवलंय.

चित्रं. इथे खरंच वेळ काढा. मूळ संविधानाचे भाग बावीस आणि प्रत्येक भाग चित्राने सुरू होतो. पहिल्यावर मोहेंजोदडोच्या मुद्रेवरचा बैल. नागरिकत्वाच्या भागावर वैदिक काळातला आश्रम, गुरू आणि शिष्य. तिसरा भाग मूलभूत हक्कांचा, त्यावर राम, सीता, लक्ष्मण, लंका जिंकून परतताना. म्हणजे ए विंगच्या काकांचा फोटो खरा आहे, फोटोशॉप नाही. चौथ्या भागावर, मार्गदर्शक तत्त्वांवर, कृष्ण अर्जुनाला गीता सांगतोय. पुढे बुद्ध, महावीर, मग अशोकाने पाठवलेले धर्मप्रचारक, नालंदा. पैसे, कर, करार यांच्या भागावर नटराज, हे मला फार आवडलं, इन्कम टॅक्सच्या वरती तांडव. सरकारी नोकऱ्यांच्या भागावर अकबर. निवडणुकांच्या भागावर शिवाजी महाराज आणि गुरू गोविंदसिंग. त्यापुढच्यावर झाशीची राणी आणि टिपू सुलतान एकाच पानावर, हे चित्र ग्रुपवर कुणीच टाकत नाही का ते तुम्हीच ओळखा. आणीबाणीच्या भागावर दंगलीनंतर बंगालमधल्या नौखालीत फिरणारे गांधीजी. शेवटी हिमालय, वाळवंट, समुद्र.

नुसता एकच फोटो फॉरवर्ड होतो तेव्हा वाटतं की हक्कांच्या भागावर राम मुद्दाम बसवलाय, त्यातून काहीतरी सांगायचंय. पूर्ण पुस्तक ओळीने बघितलं की कळतं की चित्रांचा क्रम सरळ इतिहासाचा आहे. सिंधू, वेद, रामायण, महाभारत, बुद्ध-महावीर, मौर्य, गुप्त, मुघल, मराठे-शीख, १८५७, गांधी, नेताजी. रामायणाची पाळी तिसरी आली आणि तिसरा भाग हक्कांचा होता. नाहीतर नटराजाचा आणि कराचा काय संबंध लावणार सांगा. पण सी विंगच्या सरांसारखं चित्रं म्हणजे नुसती सजावट असंही म्हणता येत नाही, कारण नव्या देशाने आपल्या सगळ्यात महत्त्वाच्या कागदावर कुणाकुणाला बोलवायचं हे कुणीतरी बसून ठरवलंय, आणि त्या यादीत देव आहेत, तीर्थंकर आहेत, गुरू आहेत, बादशहा आहे. हे सगळे चित्रात आहेत. शब्दांत कोण आहे ती गोष्ट पूर्ण वेगळी आणि रिव्ह्यू लिहायचं खरं कारण तेच.

उद्देशिकेचं, म्हणजे संविधानाच्या प्रस्तावनेचं, पान उघडा. चौकटीची सगळी नक्षी ब्योहार राममनोहर सिन्हा यांची. आमच्याकडे पुस्तक आल्यावर पहिल्याच रविवारी काका भिंग घेऊन बसले आणि एकदम ओरडले, अहो मॅडम इकडे या, उद्देशिकेतच राम लिहिलंय! बघितलं तर खरंच, चौकटीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात बारीक देवनागरीत राम. ती त्या चित्रकाराची सही आहे, राममनोहर मधला राम. काकांचा थोडा विरस झाला पण नंतर तेच येणाऱ्या-जाणाऱ्याला भिंग हातात देऊन शोधा बघू म्हणायला लागले, त्यामुळे वाचनालयात माणसं वाढली हे मान्य करायला हवं.

त्या चौकटीच्या आत मजकूर सुरू होतो तो आम्ही भारताचे लोक असा. देवाचं नाव नाही. आणि ते राहून गेलेलं नाही, त्यावर मतदान झालंय. १७ ऑक्टोबर १९४९. ह. वि. कामत यांनी दुरुस्ती मांडली की सुरुवात ईश्वराच्या नावाने करावी. हे कामत संविधानसभेत मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून गेलेले, म्हणजे तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातून. त्यांना वाटलं असेल की याला कोण नाही म्हणणार, बहुतेक सभा आस्तिकच होती. आणि मजा अशी की विरोध करणारे नास्तिक म्हणून उभे राहिलेच नाहीत. थानु पिल्लै म्हणाले की ही श्रद्धेची सक्ती होईल. हृदयनाथ कुंझरू यांना वाईट याचं वाटलं की इतकी आतली, पवित्र गोष्ट मतदानाला टाकावी लागतेय. आसामचे रोहिणीकुमार चौधरी म्हणाले की आम्ही शक्तीचे उपासक, नुसता देव का, देवी का नाही, कामत देवीचं नाव घालायला तयार आहेत का. पूर्णिमा बॅनर्जींनी हात जोडल्यासारखं सांगितलं की देवावर मत द्यायची अडचण आमच्यावर आणू नका. राजेंद्रबाबू अध्यक्ष, स्वतः रोजची पूजा करणारा माणूस, त्यांनाही मतदान नको होतं. कामत ऐकेनात. शेवटी हात वर करून मोजणी झाली, बाजूने ४१, विरुद्ध ६८. दुरुस्ती पडली. कामत म्हणाले की आपल्या इतिहासातला हा काळा दिवस, आणि वर देवानेच भारताला वाचवावं असंही म्हणाले, म्हणजे नाव सभेच्या कामकाजात आलंच.

ही गोष्ट या पुस्तकात कुठेही नाही. ती संविधानसभेच्या चर्चांच्या दहाव्या खंडात आहे, संसदेच्या साइटवर फुकट मिळते, इंग्रजी मात्र जुनाट आणि स्कॅनिंग काही ठिकाणी पुसट आहे. पण ती वाचल्याशिवाय हे पान नुसतं सुंदर दिसतं, आणि वाचल्यावर त्या पहिल्या शब्दाच्या आधीची मोकळी जागा दिसायला लागते. त्याच वर्षी मार्चमध्ये कराचीत पाकिस्तानच्या संविधानसभेने उद्दिष्टांचा ठराव केला होता, त्यात विश्वाची सत्ता एकट्या अल्लाची असं सुरुवातीलाच आहे. आयर्लंडच्या १९३७ च्या संविधानाची सुरुवात परमपवित्र त्रैक्याच्या, म्हणजे ख्रिस्ती पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने होते, ज्या आयर्लंडकडून आपण मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना घेतली. दोन्ही नमुने डोळ्यासमोर होते. आपल्याकडच्या देवभक्त सभेने ४१ विरुद्ध ६८ ने वेगळं ठरवलं, आणि मला तरी ते चौधरींच्या देवीच्या प्रश्नामुळे सगळ्यात नीट समजतं. या देशात देवाचं नाव घ्या म्हटलं की पुढचा प्रश्न कुठल्या देवाचं हाच येणार, आणि तो पहिल्या ओळीत सोडवायला बसलो असतो तर दुसरी ओळ आलीच नसती.

मग देव शब्दांत कुठे आहे? शपथांमध्ये. राष्ट्रपतींच्या शपथेत, राज्यपालांच्या, आणि मागे तिसऱ्या परिशिष्टात मंत्री, खासदार, आमदार, न्यायाधीश सगळ्यांच्या. तिथे दोन पर्याय वर-खाली दिलेत, आपल्या मराठीत ईश्वरसाक्ष शपथ घेतो किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो. ज्याला जे हवं ते त्याने म्हणावं. मूळ मसुद्यात देवाचा उल्लेख नव्हता, डिसेंबर १९४८ मध्ये महावीर त्यागी, कामत वगैरेंनी तो मागितला आणि बाबासाहेबांनी पर्याय म्हणून तो मान्य केला. म्हणजे एकाच माणसाची मागणी एकदा मान्य झाली आणि एकदा पडली, आणि फरक बघा, जिथे एकेका माणसाने स्वतःसाठी बोलायचं तिथे देव चालला, जिथे सगळ्यांच्या वतीने बोलायचं तिथे नाही. माझ्या मते पूर्ण पुस्तकातलं सगळ्यात हुशार काम या परिशिष्टात आहे आणि त्यावर चित्रही नाही म्हणून त्याचा फोटो कुणी फॉरवर्ड करत नाही.

आपल्याकडे या शपथांचं नंतर काय काय झालं ते तुम्ही बघितलंच आहे. २८ नोव्हेंबर २०१९ ला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे सरकारचा शपथविधी झाला तेव्हा मंत्र्यांनी आधी महाराज, मग महापुरुष, मग पक्षाचे नेते, आईवडील अशी मोठी यादी घेऊन मग शपथ सुरू केली, टीव्हीवर लोकांना भारी वाटलं, विरोधकांनी शपथच बेकायदा म्हणून ओरड केली. थोड्याच दिवसांनी मंत्रिमंडळ वाढलं तेव्हा के. सी. पाडवी यांनी शेवटी स्वतःची वाक्यं जोडली म्हणून राज्यपालांनी त्यांना तिथल्या तिथे परत शपथ घ्यायला लावली. केरळात तर २००१ मध्ये उमेश चल्लियिल या आमदारांनी ईश्वराच्या जागी तिथले समाजसुधारक संत श्री नारायण गुरू यांच्या नावाने शपथ घेतली आणि प्रकरण हायकोर्टात गेलं, कोर्टाने ती शपथ धरली नाही. कोर्टाला चक्क हे बघावं लागलं की गुरू म्हणजे शपथेतला ईश्वर होतो का. कुंझरूंना जे टाळायचं होतं ते असं मागच्या दाराने आलंच. २०२४ मध्ये लोकसभेत शपथेनंतर ज्याने त्याने आपापल्या घोषणा दिल्यावर अध्यक्षांनी निर्देश बदलून टाकले की शपथेच्या आधी किंवा नंतर काही जोडायचं नाही.

माझं यावर स्पष्ट मत आहे, शपथेत नेत्याचं नाव घेणं हे देवाचं नाव घेण्यापेक्षा जास्त काळजीचं आहे. बाबासाहेब २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात हेच सांगून गेले की धर्मातली भक्ती आत्म्याला मोक्षाकडे नेत असेल, राजकारणातली भक्ती मात्र अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. धार्मिक शब्द वापरूनच इशारा दिलाय बघा. तसे ते शब्द आपल्या प्रजासत्ताकाला परके कधीच नव्हते, सत्यमेव जयते मुंडकोपनिषदातलं, सुप्रीम कोर्टाचं ब्रीद यतो धर्मस्ततो जयः, झेंड्यावर धर्मचक्र. १९५१ च्या मे महिन्यात राजेंद्रबाबू सोमनाथाच्या प्रतिष्ठापनेला गेले आणि नेहरूंना ते पसंत नव्हतं, तेव्हा दोघांचं भांडण देव आहे की नाही याचं नव्हतंच, राष्ट्रपतीने तिथे राष्ट्रपती म्हणून उभं राहावं का याचं होतं.

सह्यांची पानं सोडू नका. २४ जानेवारी १९५० ला सह्या झाल्या, त्याच दिवशी सभेत जन गण मन राष्ट्रगीत आणि वंदे मातरमला तेवढाच मान असं राजेंद्रबाबूंनी जाहीर केलं. सह्यांत राजेंद्रबाबूंची सही नेहरूंच्या वरती तिरकी कोंबलेली दिसते. अध्यक्षांनाच जागा उरली नाही. आमच्याकडे लहान मुलांना हे पान फार आवडतं, आपल्या ओळखीचं नाव शोधायचा खेळ चालतो.

आता तक्रारी. एक, विक्रेत्याच्या साइटवर जाहिरात अशी की देवांच्या आशीर्वादाने सुरू होणारं संविधान, असं काहीतरी, आणि फोटो फक्त राम आणि कृष्णाचे. पुस्तक विकायला ठीक आहे पण घेणाऱ्याची दिशाभूल होते. दोन, सोबत चित्रांची सूची म्हणून एक सुटा कागद आला तो फक्त इंग्रजीत, आणि चित्रांखाली ओळ नसल्यामुळे तो हरवला की संपलं. मी त्याचं मराठी करून वहीच्या कागदावर लिहून चिकटवलंय. तीन, मजकूर १९५० चा आहे हे कुठेही ठळक लिहिलेलं नाही. म्हणजे यात मालमत्तेचा मूलभूत हक्क अजून आहे, आणि उद्देशिकेत समाजवादी, धर्मनिरपेक्ष हे शब्द नाहीत कारण ते १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आले. २०२३ मध्ये नव्या संसद भवनात खासदारांना जुनी उद्देशिका असलेल्या प्रती दिल्या तेव्हा यावरूनच गदारोळ झाला होता, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ते शब्द काढा म्हणणाऱ्या याचिका सुप्रीम कोर्टाने फेटाळल्या. आमच्या सरांनी पान उघडलं, धर्मनिरपेक्ष शब्द सापडेना, म्हणाले प्रत डुप्लिकेट आहे, परत पाठवा. त्यांना समजावण्यात अर्धा तास गेला. पोरांनी हे वाचून परीक्षेत उत्तरं लिहिली तर मार्क जातील हे वेगळंच.

हिंदी हस्तलिखिताची प्रतिकृती कुणाला मिळाली तर तीही बघा, तिथल्या उद्देशिकेत इंग्रजी तारखेच्या जोडीला मार्गशीर्ष शुक्ल सप्तमी, संवत् २००६ विक्रमी अशी तिथी आहे. मराठी संविधानात फक्त तारीख आहे.

वाचायला हवी असेल तर शासनाची मराठी आवृत्ती घ्या, चर्नी रोडच्या शासकीय ग्रंथागारात चौकशी करा, किंवा ६ डिसेंबरला शिवाजी पार्कच्या स्टॉलवर बघा, नागपूरवाल्यांनी दीक्षाभूमीला. स्वस्त पडते आणि दुरुस्त्या असतात, फक्त कुठल्या सालापर्यंतच्या आहेत ते पहिल्या पानावर तपासून घ्या. मोठी प्रतिकृती आणि ही लहान अशी जोडी वाचनालयात असावी, एकटी मोठी नको. आम्ही दहाव्या खंडातली १७ ऑक्टोबरची पानं झेरॉक्स काढून मागच्या कव्हरच्या आत ठेवलीत. काका आणि सर दोघांनीही ती वाचलीत, आता वाद कामत बरोबर की कुंझरू यावर चालतो आणि तो ग्रुपवर न होता वाचनालयात होतो, म्हणजे मलाच ऐकावा लागतो.

पाचपैकी साडेतीन स्टार. एक कापला इंग्रजी सूची आणि त्या जाहिरातीसाठी, अर्धा दबलेल्या कोपऱ्यासाठी.